साल्हेरला एसटीने जाताना: आधी परतीची गाडी ठरवावी

नाशिकमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका तरुणाने विचारले आहे की, आम्हा दोघा मित्रांकडे स्वतःचे वाहन नाही, दुचाकीवरून घाटरस्ता करायला घरून परवानगी नाही आणि चाळीस-पन्नास जणांच्या गटाबरोबर रांगेत गड चढायची हौस नाही. तर शनिवार-रविवारच्या सुट्टीत एसटीने साल्हेर करून परत येता येईल का, गाडी कोठून व किती वाजता पकडावी, आणि हीच रीत इतर गडांना लागू पडेल का. येता येईल. मी गेली पंचवीस वर्षे नाशिक जिल्ह्यातले गड एसटीने, काळी-पिवळी जीपने आणि उरलेले अंतर पायी असेच केले आहेत. ‘किती वाजता’ या प्रश्नाला मात्र मी घड्याळातली वेळ सांगणार नाही. आडबाजूच्या फेऱ्यांच्या वेळा हंगामानुसार, शाळेच्या सत्रानुसार आणि आगारात गाड्या किती उपलब्ध आहेत त्यानुसार बदलतात. गेल्या वर्षीची वेळ वहीत उतरवून घेऊन निघालेला माणूस फलाटावर ताटकळतो; अजिबात वेळ ठाऊक नसलेला निदान चौकशी तरी करतो.

शहरातून डोंगराकडे जाणाऱ्याने पहिल्यांदा ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की, दुर्गम गावाची एसटी त्या गावातल्या माणसांसाठी धावते. विद्यार्थ्यांना सकाळी तालुक्याच्या शाळा-महाविद्यालयात, रुग्णाला दवाखान्यात आणि शेतकऱ्याला बाजारात पोहोचवायचे आणि संध्याकाळी सगळ्यांना घरी आणून सोडायचे, हे तिचे काम. म्हणून ती पहाटे गावातून निघते आणि रात्री गावातच मुक्कामाला राहते. आपली गरज याच्या नेमकी उलट असते: आपल्याला सकाळी गावाकडे जायचे असते आणि संध्याकाळी गावातून बाहेर पडायचे असते. सकाळी सहाला नाशिक सोडून मोठ्या उत्साहाने नऊच्या सुमारास सटाण्याला उतरलेल्या ट्रेकरला साल्हेरच्या बाजूने आलेली गाडी फलाटावर रिकामी होताना दिसते, आणि ती परत केव्हा जाणार असे विचारल्यावर दुपारचे किंवा संध्याकाळचे उत्तर मिळते. अशा वेळी बहुतेक जण एसटीला नावे ठेवतात, जीप ठरवतात आणि पुढच्या वेळी मोटार भाड्याने घेतात. गाडी त्यांच्या वेळेची नव्हती एवढाच त्याचा अर्थ असतो.

यावर उपाय जुना आहे. आदल्या दिवशी संध्याकाळच्या मुक्कामी गाडीने गावात पोहोचायचे, रात्र गावात काढायची आणि उजाडता उजाडता चढाईला लागायचे. यामुळे जाण्याचा प्रश्न सुटतो. येण्याचा सुटत नाही, उलट अधिक बिकट होतो. ज्या गाडीने आपण आलो ती तर आपण चढाईला निघण्याच्या सुमारासच तालुक्याकडे परत गेलेली असते. म्हणून माझा नियम असा आहे की कोणत्याही गडाचा बेत परतीच्या गाडीपासून आखायला घ्यावा. दुपारनंतर त्या गावातून बाहेर पडणारी फेरी आहे का, नसल्यास जवळचा फाटा किती अंतरावर आहे आणि तो पायी अंधार पडण्यापूर्वी गाठता येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आल्याशिवाय मी पाठपिशवी भरायला घेत नाही.

आता प्रत्यक्ष साल्हेर. समुद्रसपाटीपासून 1567 मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला बागलाण तालुक्यात, गुजरातच्या डांग भागाला लागून आहे. 1672 मध्ये मराठ्यांनी मोगलांशी समोरासमोर लढून जिंकलेली लढाई याच्याच परिसरात झाली, आणि 2025 च्या जुलै महिन्यात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत याचेही नाव आहे. रस्ता नाशिक, पिंपळगाव, सोग्रस फाटा, देवळा, सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर आणि साल्हेरवाडी किंवा वाघांबे असा जातो. सटाण्यापर्यंतचे अंतर सुमारे 90 किलोमीटर असून साध्या गाडीने अडीच ते तीन तास धरावेत. तेथून पायथ्यापर्यंत आणखी पन्नासेक किलोमीटर उरतात आणि खरा वेळ याच तुकड्यात जातो. सटाण्यापर्यंत गाड्यांची ददात नसते. ताहाराबादही हमरस्त्यावर असल्याने अडचण येत नाही. मुल्हेरपासून पुढे मात्र प्रत्येक फेरी मोलाची ठरते.

गडावर दोन वाटा आहेत. साल्हेरवाडीची वाट गावातूनच सुरू होते. वाघांब्याची वाट साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत चढते. एसटीने जाणाऱ्यांनी एकीकडून चढून दुसरीकडे उतरण्याचा मोह पहिल्या खेपेस टाळावा. तो प्रवास सुंदर आहे यात शंका नाही, पण उतरल्यावर आपण दुसऱ्याच गावात असतो, आणि आदल्या रात्री ज्या माणसांशी ओळख झाली, ज्यांनी परतीच्या गाडीची खबर दिली, ती माणसे डोंगराच्या पलीकडे राहिलेली असतात. चढायला तीन-साडेतीन तास, माथ्यावरच्या परशुरामाच्या मंदिरापर्यंत जाऊन गंगासागर तलाव व गुहा पाहायला दीड-दोन तास आणि उतरायला दोन तास, असा हिशेब धरला तर पहाटे साडेपाचला निघालेली माणसे दुपारी एकच्या आसपास गावात परततात.

तुमच्यासाठी मी असा बेत सुचवीन. शनिवारी सकाळी नाशिकहून घाई न करता निघावे, दुपारपर्यंत सटाणा गाठावे, जेवून घ्यावे. मध्ये दोन-तीन तास मोकळे मिळाले तर देवमामलेदारांचे मंदिर पाहून यावे. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी खुला करणाऱ्या या मामलेदाराचे देऊळ बांधणारे गाव मला नेहमीच आवडत आले आहे. नंतर संध्याकाळच्या गाडीने पायथ्याच्या गावी जावे. रविवारी पहाटे चढाई, दुपारी परत आणि मिळेल त्या वाहनाने ताहाराबाद. आणखी एक पर्याय आहे, शनिवारी पहिल्या गाडीने निघून मुल्हेरहून जीपने दुपारी पायथा गाठायचा, संध्याकाळपर्यंत गडावरच्या गुहेत पोहोचायचे, रात्र तेथे काढून रविवारी सकाळी दहाच्या आत खाली यायचे. परतीसाठी अख्खा दिवस हाताशी राहतो म्हणून मला स्वतःला हा दुसरा पर्याय अधिक पसंत आहे. पण त्यात अंथरूण, शिधा आणि पाण्याचे ओझे वाहावे लागते आणि उन्हात चढावे लागते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गावातच मुक्काम करावा.

गाडी कोठून सुटते याचा घोळ नाशिकमध्येच होतो, तालुक्यात नव्हे. सीबीएस म्हणून ज्याला आपण सरसकट ओळखतो त्या परिसरात जुने सीबीएस, ठक्कर बाजार आणि मेळा बसस्थानक अशी तीन स्थानके एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मुंबई नाक्याजवळचे महामार्ग बसस्थानक वेगळे, पंचवटीतले निमाणी वेगळे आणि रेल्वे स्थानकालगतचे नाशिकरोड तर शहराच्या मध्यापासून सुमारे 9 किलोमीटर दूर. स्थानकांची दुरुस्ती, यात्रा किंवा कुंभमेळ्याची कामे निघाली की फलाट बदलतात. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कामावरून येता येता स्वतः स्थानकात जाऊन विचारावे. महामंडळाच्या ऑनलाइन आरक्षणात लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात, गावोगावच्या साध्या फेऱ्या दिसत नाहीत. मोबाइलवर गाडी दिसली नाही म्हणजे गाडीच नाही असा निष्कर्ष काढू नये.

विचारावे कसे हेही सांगतो. चौकशीच्या खिडकीत ‘साल्हेरला गाडी आहे का’ असे विचारले की ‘सटाण्याला जा’ एवढेच उत्तर येते, आणि नाशिकच्या वाहतूक नियंत्रकाकडून त्याहून अधिक अपेक्षा करणे योग्यही नाही, कारण ती फेरी त्याच्या स्थानकाची नसते. नेमकी चौकशी सटाण्यात करावी. साल्हेरच्या बाजूला रात्री मुक्कामी गाडी कोणती जाते, ती रविवारी आणि शाळेला सुट्टी असताना सुटते का, दुपारची फेरी साल्हेरपर्यंत जाते की मुल्हेरहूनच परत फिरते, आणि परतीची शेवटची गाडी कोणती, असे चार प्रश्न तेथे विचारावेत. यातला शाळेच्या सुट्टीचा प्रश्न शहरातल्या माणसाला सुचत नाही आणि सगळी फसगत तेथेच होते. अनेक फेऱ्या विद्यार्थ्यांच्या पासावर उभ्या असतात. शाळा बंद झाली की त्या रद्द होतात, आणि आपल्याला तर डोंगर आठवतो तोच नेमका रविवारी आणि दिवाळीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः असा फसलो आहे. आगार कोणते ते महत्त्वाचे नाही. गड उतरून आम्ही तिघे दुपारी दोनला गावच्या पारावर येऊन बसलो. तीनची गाडी साडेतीनला आली नाही, तेव्हा शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या आजींनी वर न पाहताच सांगितले, ‘‘पोरांची शाळा उघडली का गाडी येईल, बाबा.’’ त्यांना हे दुपारी दोनलाही ठाऊक होते. आम्ही विचारले नव्हते. फाटा अकरा किलोमीटरवर होता. शेवटचे तीन किलोमीटर आम्ही बॅटरीच्या उजेडात चाललो आणि नाशिकला मध्यरात्रीनंतर पोहोचलो. त्या दिवसापासून गावात उतरलो की पहिल्यांदा पारावर बसलेल्या माणसाशी बोलतो आणि मग गडाकडे पाहतो.

मुक्कामी गाडीचा प्रवास ज्याने केला नाही त्याला तिच्यात काय मिळते हे सांगून पटत नाही. संध्याकाळी आगारातून सुटताना तिच्यात किराण्याच्या पिशव्या, खताचे एखादे पोते, दवाखान्याची फाइल छातीशी धरलेली म्हातारी आणि मागच्या बाकावर महाविद्यालयातली मुले असतात. ताहाराबादनंतर दिवे मंद होतात, रस्त्यालगतच्या वस्त्यांवर गाडी थांबत जाते आणि कंडक्टर तिकिटाचे यंत्र मांडीवर ठेवून प्रत्येकाला नावाने हाक मारतो. आपण दोघे परके आहोत हे तोवर सर्वांच्या लक्षात आलेले असते. अशा वेळी कंडक्टरला सरळ सांगावे की आम्ही गडावर निघालो आहोत, रात्री शाळेच्या किंवा मंदिराच्या ओसरीवर झोपू, कोणाला विचारावे. उत्तर बहुतेक वेळा कंडक्टर देत नाही. दोन बाकांपलीकडून दुसरेच कोणी तरी देते. चालक आणि वाहक स्वतःही त्याच गावात झोपतात, कधी गाडीत बाकांवर, कधी देवळात. पहाटे गाडी सुटण्यापूर्वी इंजिन सुरू करून ठेवतात, दोनदा हॉर्न वाजवतात. त्या आवाजाला गाव उठते आणि आपलाही गजर होतो. दुपारच्या परतीच्या गाडीची पक्की बातमी याच दोघांकडून रात्रीच घेऊन ठेवावी, कारण ती फेरी अनेकदा त्यांच्याच आगाराच्या दुसऱ्या जोडीकडे असते.

गाडी नसेल तेव्हा काळी-पिवळी. ताहाराबाद ते मुल्हेर या पट्ट्यात जीपवर भिस्त ठेवता येते. मुल्हेरच्या पुढे ती बाजाराच्या दिवशी भरते आणि एरवी भरत नाही. जीप वेळेवर सुटत नसून सीट भरली की सुटते, हे गृहीत धरावे, आणि घाई असेल तर उरलेल्या दोन-तीन सीटचे पैसे आपण देऊन ती सोडवावी. अख्खी गाडी ठरवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते. कांद्याच्या आणि डाळिंबाच्या हंगामात मालाची पिकअप सटाण्याकडे जात असतात आणि चालक शेजारी बसवूनही घेतात. चालकाच्या केबिनमध्ये जागा असेल तरच बसावे. मालावर चढून घाट उतरण्याचा अनुभव मी एकदा घेतला आहे, दुसऱ्यांदा घेणार नाही.

इतर गडांबाबत विचारले आहे. रीत तीच, पण प्रत्येक ठिकाणची मेख वेगळी.

कळसूबाईच्या बाबतीत ती जिल्ह्याच्या हद्दीची आहे. 1646 मीटरचे हे शिखर नाशिककरांना आपलेच वाटते, परंतु पायथ्याचे बारी गाव अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. घोटीपर्यंत तुम्ही नाशिक विभागाच्या गाड्यांनी सहज जाता. घोटीहून बारी, शेंडी, राजूर या घोटी-कोल्हार रस्त्यावर मात्र अकोल्याकडच्या गाड्याही धावतात आणि त्यांची माहिती नाशिकच्या खिडकीत मिळत नाही. ती घोटीतच विचारावी. सुदैवाने बारी आडबाजूला नसून रस्त्यावरच आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची गाडी किंवा जीप हात दाखवून थांबवता येते. एसटीने पहिलाच गड करणार असाल तर साल्हेरआधी कळसूबाई करावी असेही मी म्हणेन. अलंग, मदन, कुलंगसाठीही घोटीच लागते, पण आंबेवाडीची गाडी चुकली तर पुढे मोठी पायपीट आहे, आणि ते गड वाटाड्या व दोर यांच्याशिवाय करण्यासारखे नाहीत.

धोडपची मेख महामार्गावर आहे. मालेगाव-धुळ्याकडे जाणारी प्रत्येक गाडी वडाळीभोईवरून जाते, पण प्रत्येक गाडी तेथे थांबत नाही. जलद गाडीत चढण्यापूर्वीच वाहकाला विचारावे आणि तो नाही म्हणाला तर वाद न घालता मागची साधी गाडी धरावी, नाही तर चांदवडला उतरून उलटे यावे लागते. वडाळीभोईहून धोडांबे आणि पुढे हट्टी हे दहा-बारा किलोमीटर जीपने किंवा पायी. फाट्यापर्यंत रात्री उशिरापर्यंत गाड्या मिळत असल्याने धोडप एका दिवसात करता येतो.

हरिहरसाठी त्र्यंबकेश्वरपर्यंत सिटीलिंकची शहर बससुद्धा चालते. पुढे त्र्यंबक-खोडाळा रस्त्यावरील निरगुडपाड्यापर्यंत एसटी किंवा जीप. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी तेथे लोटणारी गर्दी आणि वनखात्याचे निर्बंध पाहता मी त्या दिवसांत हरिहरचे नावही काढत नाही. अंकाई-टंकाई रेल्वेने करावी. मनमाडच्या पुढे अंकाई किल्ला नावाचे स्थानकच पायथ्याला आहे, फक्त तेथे मोजक्या पॅसेंजर गाड्या थांबतात. सप्तशृंगी गडाला गाड्यांचा तोटा नाही, आणि चैत्र व नवरात्राच्या यात्रेत तर नांदुरीहून वर एसटीनेच जावे लागते.

पैशांविषयी थोडेसे. यूपीआयने तिकीट काढता येते, पण डोंगराच्या कुशीत यंत्राला रेंज मिळेलच असे नाही, आणि गावातल्या जेवणाचे पैसे तर रोखच द्यावे लागतात. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा जवळ असाव्यात. एसटीत मार्च 2023 पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे, 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धे आणि 75 च्या पुढे प्रवास मोफत, त्यामुळे आई-वडिलांना घेऊन जायचे असेल तर ओळखपत्र विसरू नये. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास चांगला आहे, पण दोन दिवसांच्या साल्हेरसाठी तो घेऊ नये. सलग सुट्टीत मुल्हेर, मोरा, हरगड, साल्हेर आणि सालोटा असा बागलाणचा फेरा करणार असाल तर घ्यावा. पाठपिशवी मांडीवर मावेल एवढीच ठेवावी. गच्च भरलेल्या मुक्कामी गाडीत साठ लिटरची पिशवी पाठीवर घेऊन उभा राहणारा माणूस अख्ख्या गाडीचा रोष ओढवून घेतो, आणि त्यात चूक गाडीतल्या लोकांची नसते.

गावातल्या मुक्कामाला हॉटेलाचा हिशेब लावू नये. कोणी पिठलं-भाकरी करून दिली तर रात्रीच किती द्यायचे ते विचारून पैसे हातात ठेवावेत; सकाळी घरातले लोक शेतावर गेलेले असतात आणि मग पैसे राहून जातात. शाळेच्या ओसरीवर झोपलात तर मुले येण्यापूर्वी झाडून निघावे.

राहिला रविवारचा परतीचा प्रवास. दीडच्या सुमारास गावात आलात आणि गाडी असेल तर प्रश्न नाही. गाडी नसेल, तर अडीचपर्यंत जीपची वाट पाहावी आणि मग पाय उचलावेत. मुल्हेर वीसेक किलोमीटरवर आहे, सगळे चालावे लागत नाही, कारण रस्त्यावर असलेल्या माणसाला दुधाची किंवा मालाची गाडी उचलते, पारावर बसून राहिलेल्याला क्वचितच. सहापर्यंत ताहाराबाद गाठले की पुढचा प्रवास निश्चिंत. नाशिकला रात्री दहा-अकराला उतराल तेव्हा शहर बस बंद झालेली असण्याची शक्यता धरून रिक्षाचे पैसे वेगळे ठेवावेत, आणि सोमवारी सकाळची पाळी असेल तर ती आधीच कोणाशी तरी बदलून घ्यावी.